श्रुतश्रवेच्या चाळीस ओळी

माझा नवरा कवी आहे हे मला लग्नाच्या पत्रिकेवरून कळलं. माहेरचं माझं नाव चंद्रव्वा, पत्रिकेत छापलं होतं चंद्रिका. आमच्या अप्पांनी विचारलं, ही कोण? तेव्हा मुलाकडून निरोप आला की 'चंद्रव्वा' हे नाव कुठल्याच वृत्तात बसत नाही. माझी आजी म्हणाली, वृत्तात बसली नाही तरी चालेल, घरात बसली म्हणजे झालं. आणि लग्न लागलं.

मास्तर सोलापुरात एका शाळेत मराठी शिकवायचे. नाव बसलिंगप्पा, कविनाम 'विरक्त'. हा विरक्त माणूस शेंगाचटणी तिसऱ्यांदा मागून घ्यायचा आणि भाकरी जरा गार झाली की रुसून बसायचा. मनानं मात्र सरळ. त्यांचा राग दोनच गोष्टींवर होता, एक ऱ्हस्वदीर्घाची चूक आणि दुसरं घरातलं कानडी. आमचं घर मुळात कानडी बोलणारं. सासूबाई मरेपर्यंत कानडीतच भांडल्या. पण संगप्पा, आमचा एकुलता एक मुलगा, बोलायला लागला आणि मास्तरांनी फर्मान काढलं की आजपासून घरात फक्त मराठी. दोन भाषा झाल्या की एक ना धड भाराभर चिंध्या, असं त्यांचं म्हणणं. मग मी कानडी बोलायची ती भाजीवालीशी आणि स्वतःशी.

एकाहत्तर साली त्यांनी पद्यनाटक लिहायला घेतलं. शिशुपालाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कृष्णानं त्याचे शंभर अपराध पोटात घातले आणि एकशेएकाव्याला चक्र सोडलं. पण ते शंभर कुणी मागून घेतले होते, हे लोक विसरतात. शिशुपालाच्या आईनं, श्रुतश्रवेनं. ती कृष्णाची सख्खी आत्या. पोर पाळण्यात होतं तेव्हाच तिला कळलं होतं की ते याच भाच्याच्या हातून मरणार, म्हणून तिनं त्याच्याकडून वचन घेतलं. पुराणात ही बाई तेवढ्यापुरती बोलते आणि गप्प होते. मास्तर म्हणाले, मी तिला भर यज्ञसभेत आणणार. पोर मरायच्या आधी ती कृष्णाशी बोलणार.

शेजारच्या पुराणिकबुवांनी हरकत घेतली. ती त्या सभेत नव्हतीच, कुठल्या पोथीत लिहिलंय?

"पोथीत नाही म्हणून तर लिहितोय," मास्तर म्हणाले. "पोथीनं ज्यांना घरी ठेवलं त्यांना बोलावून आणायचं, हेच तर कवीचं काम."

मला हे फार आवडलं होतं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी आपणहून चटणी वाढली.

तीन वर्षं ते लिहीत होते. म्हणजे बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारत मोठमोठ्यानं म्हणत होते आणि आत मी भाकरी थापत होते. माझं शिक्षण कानडी चौथी, अक्कलकोटकडच्या एका खेड्यात. मराठी वाचायला तेव्हा मला एकेक अक्षर लावावं लागायचं. पण कान चांगले. बाराशे ओळी मला नुसत्या ऐकून पाठ झाल्या. एकदा मी मध्येच विचारलं, "त्या बाईनं शंभरच का वो मागितलं? हजार मागायचं की."

"का मागितले असतील?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

"पाळण्यातलं पोर हो. त्या वयाला शंभर म्हंजे लई वाटत्यात. एवढासा जीव किती चुकणार?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिले आणि वहीकडे धावले. तासाभरानं त्याच्या आठ ओळी होऊन आल्या. त्यांत पाळणा 'हिंदोल' झाला होता आणि पोर 'अर्भक'. माझं वाक्य कुठं गेलं ते मला सापडलं नाही, पण त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मी काही बोलले नाही.

नाटक पुरं झालं तेव्हा एका रविवारी घरी वाचन ठेवलं. मुख्याध्यापक आले, पुराणिकबुवा आले, आणखी दोघे कवी आले. संगप्पाही कोपऱ्यात बसला होता. तेव्हा तो बावीस वर्षांचा, बी. ए.ला एकदा आपटलेला. मास्तर शेवटच्या प्रवेशावर आले. कृष्ण म्हणतो, शंभर भरले. त्यावर आई एकच शब्द म्हणते, आणि मग सलग चाळीस ओळी कृष्णाला ऐकवते. त्या चाळीस ओळींसाठी मास्तरांनी अख्खा उन्हाळा घातला होता.

"हे यदुकुलभूषणा, क्षमेचा तू सागर अपार,
शतसंख्येचे कुंपण त्याला का घालिसी कठोर?"

आणि संगप्पा फिसकन हसला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"अप्पा, आत्या हाय ती त्याची," संगप्पा म्हणाला. "कुटली आत्या भाच्याला यदुकुलभूषणा म्हणती? पोरगं मरायला लागलंय आन ही बाई यमक जुळवत बसलीय. आसं कुटली आई बोलती हो?"

पुराणिकबुवा हसले. मुख्याध्यापकांनी रुमाल तोंडाला लावला. मास्तरांनी वही मिटली. त्यांच्या कपाळावरची शीर मला आतल्या दारातून दिसत होती.

"शंभर भरले तुझे," ते म्हणाले. "ऊठ. चालता हो."

संगप्पाला वाटलं थट्टा आहे. मग कळलं, थट्टा नाही. तो उठला, चपला घातल्या, एकदा आत माझ्याकडे बघितलं आणि गेला. आणि मी काय करत होते? मी चहा गाळत होते. पाहुण्यांसमोर नवऱ्याला कसं बोलायचं, म्हणून मी पाच कप चहा गाळला, बशा पुसल्या आणि तोंड उघडलं नाही. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

पोरगं लांब गेलं नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर लागलं आणि राजेसाब नावाच्या मित्राच्या घरी राहायला गेलं. राजेसाबची आई बिबीजान मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "बच्चा हमारे यहां हय, तुमे फिकर नक्को करो." फिकर नक्को म्हटल्यानं जाते थोडीच? सायकलवर अर्ध्या तासाचं अंतर, आणि सात महिने पोर घरी नाही. मी बिबीजानच्या घरी जाऊन त्याला भेटायची, डबा द्यायची. "अव्वा, मी खरं त्येच बोललो," तो म्हणायचा. "खऱ्याची माफी कशी मागू?" आणि घरी मास्तर म्हणायचे, त्यानं माफी मागावी, दार उघडंच आहे. माफीशिवाय उघडणाऱ्या दाराला उघडं म्हणतात, हे इतकं शिकलेल्या माणसाला कुणी सांगायचं?

पंच्याहत्तरच्या जानेवारीत नाटक स्पर्धेत उतरलं. श्रुतश्रवेचं काम मालतीबाई नावाच्या एक बाई करणार होत्या. उच्चार असे स्वच्छ की मास्तर तालमीहून आल्यावर अर्धा तास त्यांच्या 'ष'चं कौतुक करायचे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा घसा बसला. साधा नाही, पार बसला. चहा हवाय हेसुद्धा त्या लिहून दाखवत होत्या. दुपारी मास्तर घरी आले आणि डोक्याला हात लावून बसले. बाराशे ओळींच्या नाटकातल्या तीनशे ओळी त्या आईच्या, आणि त्या एका दिवसात पाठ करणारं माणूस सोलापुरात नव्हतं.

मी आतून पहिली ओळ म्हटली. मग दुसरी. पीठ मळता मळता मी अख्खा पहिला प्रवेश म्हणून दाखवला. मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"तू करशील?" त्यांनी विचारलं.

"करते. पर पोराला घरी आना."

"हे बघ, स्पर्धा आणि संसार यांची गल्लत करू नकोस."

त्यावर मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला त्या बाईचं बोलणं एकदा तरी माझ्या तोंडानं बोलायचं होतं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालीम झाली. कृष्णाचं काम पोस्टातला निंगप्पा करायचा, उंच आणि सावळा. शिशुपाल झाले होते चित्रकलेचे धोंडप्पा गुरुजी. सगळं ठीक चाललं होतं. शेवटच्या प्रवेशात निंगप्पा म्हणाला, "भरले शंभर, आत्ये!" आणि मी जीव तोडून हाक मारली, "मगाऽ!"

"थांब, थांब," मास्तर ओरडले. "हे काय?"

"तुमीच लिवलंय की. मगा."

"अगं, 'मग' लिहिलंय! मग? म्हणजे, पुढं काय? भरले शंभर, बरं मग? ती कृष्णाला आव्हान देतेय. हाक कुठली मारतेस?"

आता हे कानडी न येणाऱ्यांना सांगायला हवं. कानडीत 'मग' म्हणजे मुलगा. 'मगा' म्हणजे बाळा, लेकरा. मी तीन वर्षं भिंतीपलीकडून ती ओळ ऐकत होते आणि समजत होते की शंभर भरले म्हटल्यावर ती आई दुसरं काही न बोलता फक्त पोराला हाक मारते. मला वाटायचं, आमच्या मास्तरांनी घरातलं कानडी बंद केलं, पण त्या बाईच्या तोंडी एक शब्द ठेवला. कितीदा तरी ती जागा आली की मी तव्यावरची भाकरी करपवली होती. आणि तो शब्द मुळात नव्हताच.

हे मी सांगितलं तेव्हा निंगप्पा हसला. धोंडप्पा गुरुजी मात्र हसले नाहीत. मास्तर म्हणाले, "या एका शब्दासाठी मी आठवडा घालवलाय. दोन लघु आणि पुढं शांतता. उद्या हाक मारलीस तर प्रवेश संपला." मी मान डोलावली. घरी जाऊन मी शंभर वेळा घोकलं, मग? मग? मग? अगदी मालतीबाईंसारखं.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. पुढं परीक्षक, मागं आमचं सोलापूर. मास्तर विंगेत प्रॉम्प्टिंगला, वही छातीशी धरून. मी बोलायला लागले आणि भीती गेली. एक ओळ चुकली नाही. हिंदोल म्हटलं, अर्भक म्हटलं. विंगेतून मास्तर मान हलवत होते, आणि खरं सांगते, लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर नवऱ्यानं आपल्याकडे तसं बघितलं की बाई कुठलीही ओळ नीट म्हणते.

शेवटचा प्रवेश आला. धोंडप्पा गुरुजींनी शिव्या देऊन घेतल्या. निंगप्पानं चंदेरी कागद लावलेलं चक्र बोटावर घेतलं आणि म्हणाला, "भरले शंभर, आत्ये!"

माझ्या तोंडात 'मग?' तयार होतं. पण वाचनाच्या दिवशी घरात मास्तरांच्या तोंडून हेच शब्द ऐकले होते आणि तेव्हा मी चहा गाळत होते. चाळीस ओळी माझ्या डोक्यातून धुतल्यासारख्या गेल्या. मी कृष्णाकडे पाठ केली.

"मगाऽ!" मी म्हटलं. आणि चालत जाऊन धोंडप्पा गुरुजींचा हात धरला. "नडी, मनिगी." म्हणजे चल, घरी.

मी त्यांना ओढायला लागले. गुरुजी हळूच म्हणाले, "वहिनी, मला मरायचंय अजून." मी हात सोडला नाही. मी विंगेकडे बघितलं. मास्तरांनी ओळ द्यायला हवी होती, वही त्यांच्या हातातच होती. ते नुसते उभे होते. निंगप्पा चक्र घेऊन उभा होता. बायकांच्या बाजूनं मागून कुणीतरी म्हातारी मोठ्यानं बोलली, "करकोंड होग यव्वा!" घेऊन जा गं बाई त्याला. मग तिथं कुणीतरी हुंदका दिला, आणखी कुणी नाक ओढलं. पडदा ओढणाऱ्या माणसाला वाटलं नाटक संपलं. त्यानं पडदा पाडला.

अशा रीतीनं सोलापुरात त्या दिवशी शिशुपाल वाचला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, मूळ कथेशी फारकत, शेवट अपूर्ण, प्रमुख स्त्रीपात्राच्या एका शब्दाचा उच्चार सदोष. बक्षीस काही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मास्तर वही पुढ्यात घेऊन बसलेले. मी चहा ठेवला.

"तुमच्या चाळीस ओळी गेल्या," मी म्हटलं. "माज्यामुळं."

"वही माझ्या हातात होती," ते म्हणाले. "ओळ समोर दिसत होती. यदुकुलभूषणा. तू त्या धोंडप्पाला ओढत होतीस आणि मी तुला यदुकुलभूषणा म्हण असं सांगणार होतो. मला लाज वाटली गं."

त्यांनी चहा तसाच ठेवला.

"आपल्या पोराला जे कळलं ते मला तीन वर्षांत कळलं नाही. आणि कळवलं म्हणून मी त्याला घराबाहेर काढलं." त्यांनी वही बाजूला सारली. "कुठल्या कारखान्यात आहे तो?"

सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं होतं. मी चपला घालूनच उत्तर दिलं.

मागांच्या शेडमध्ये मी कधी गेले नव्हते. बाहेरून वाटतं पाऊस कोसळतोय, आत गेलं की स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. तिथली माणसं हातांनी बोलतात. धागा तुटला, पाणी दे, मालक आला, सगळं बोटांनी आणि भुवयांनी. संगप्पा चार मागांच्या मध्ये उभा होता. केसांत कापसाचं तूस. त्यानं आम्हाला बघितलं आणि त्याचा हात मागावरच थांबला.

मास्तर दारातून काहीतरी बोलले. संगप्पानं कानाला हात लावला. मास्तर पुढं गेले, पुन्हा बोलले, मोठ्यानं, मान ताणून. माझ्या ओळखीत एवढं सुंदर बोलणारा दुसरा माणूस नाही, आणि त्याचा एक शब्द कुणाला पोचत नव्हता. आजूबाजूचे कामगार बघायला लागले. मास्तर गोंधळून इकडंतिकडं बघत राहिले. शेवटी त्यांनी पाच बोटं जुळवली आणि तोंडाकडे नेली. मग घराच्या दिशेला हात केला. जेवायला चल.

संगप्पानं तीन बोटं दाखवली. तीनला पाळी सुटते. आणि लगेच तोंड फिरवून मागाकडे वळला, कारण त्याचा चेहरा त्याला आम्हाला दाखवायचा नव्हता.

आम्ही फाटकापाशी सुताच्या गठ्ठ्यांवर बसून राहिलो. मास्तरांचं धोतर धुळीनं माखलं. तीनचा भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडू लागली. संगप्पा आला, पाया पडला आणि म्हणाला, "आत काय म्हणत होता अप्पा? कायच ऐकू आलं न्हाय."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. पोराला त्यांची दया आली. बापावर गेलेलं नाही ते, मऊ आहे.

"ऱ्हाऊ द्या की," तो म्हणाला. "कळलं मला."

"ऱ्हाऊ द्यायचं न्हाय," मी म्हटलं. "तितं यंत्राला सांगितलं, आता पोराला सांगा. मला चहा गाळायचा न्हाय आज."

मागून शंभरेक माणसं सायकली घेऊन फाटकातून जात होती. मास्तरांनी पोराच्या केसांतलं तूस काढायला हात वर नेला आणि तो तसाच तिथं ठेवला.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "घरी चल."

संगप्पा खाली मान घालून म्हणाला, कपडे राजेसाबकडे आहेत, घेऊन येतो, तुम्ही व्हा पुढं. तो सायकलवर बसून गेला. मास्तर निघाले नाहीत, मीही निघाले नाही. पोराला मागं सोडून पुढं व्हायची हिंमत आता आमच्या दोघांत नव्हती.